आखूड पाकळी

माझ्या आठ पाकळ्यांपैकी एक पाकळी बाकीच्यांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी आखूड आहे. मला नुसतं पाहून ते सहसा कळत नाही. पण माझ्यावरून सुटलेलं फूल ताटात ठेवलं, की ते त्या बाजूला किंचित कलतं. इतकं किंचित, की पाहुण्यांना वाटतं ताटच सपाट नसेल.

मित्रांनो, मी एक जुना, बिडाचा साचा आहे. डोक्याला फुलाचा आकार, त्याला लांब सळई आणि सळईच्या टोकाला लाकडी मूठ, एवढंच माझं शरीर. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, अंडं, साखर आणि तीळ यांच्या पातळ मिश्रणात मला बुडवतात, मग तापलेल्या तेलात धरतात. जरा वेळाने मूठ हलवली, की माझ्या अंगावरून एक कुरकुरीत फूल सुटतं आणि तेलावर तरंगू लागतं. आमच्या मंगळूरकडे या फुलांना कोकिसां म्हणतात. नाताळच्या फराळाला आमच्याकडे कुस्वार म्हणतात. कुस्वारच्या ताटात नेवऱ्या, म्हणजे करंज्या असतात, चकल्या असतात, लाडू असतात. पण मधली जागा कोकिसांची.

माझा जन्म नदीकाठच्या एका ओतशाळेत झाला. जवळच कौलांचा कारखाना होता. त्याच्या यंत्रांचे मोडके भाग त्या भट्टीत वितळत, आणि त्यातून उरलेल्या रसाचे तवे, खलबत्ते नि साचे होत. माझ्या वेळी वाळूत रस ओतताना एका टोकाला हवेचा बुडबुडा अडकला. धातू तिथपर्यंत पोचला नाही. ओतणाऱ्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा वितळायच्या ढिगात फेकलं. तिथून मला बेनेडिक्टाने उचललं. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं.

"हा नको, बाय," ओतणारा म्हणाला. "याची एक पाकळी आखूड आहे."

"असू दे. नवराही थोडा वाकडाच मिळालाय. दोघं एकमेकांना सांभाळून घेतील."

नवं बीड हट्टी असतं. त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रं असतात, पीठ त्यांत घुसून बसतं. बेन्नाने, म्हणजे बेनेडिक्टानेच, मला तांदळाच्या धुवणात भिजवलं, तेलात मुरवलं, तरी सुरुवातीची फुलं मी सोडलीच नाहीत. ती सुरीच्या टोकाने खरवडावी लागली. तिचा नवरा सेवरिन शेजारी पाटावर बसून ते तुकडे खात होता.

"तू मोडत राहा," तो म्हणाला. "माझं काही बिघडत नाही."

"पोट बिघडेल."

"मग तरी साचा सोडून माझ्याकडे बघशील."

हळूहळू माझ्या अंगावर तेलाचा काळा, गुळगुळीत थर धरला आणि मी कामाचा झालो. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. गार साच्याला पीठ धरत नाही. ते घसरून परत पातेल्यात जातं. फार तापलेल्या साच्यालाही धरत नाही. चर्र होतं, कड करपते आणि फूल तेलात पोचण्याआधीच गळून पडतं. मधल्या एका उबेत मात्र ते धरतं आणि वेळ झाली की आपणहून सुटतं. ती ऊब मोजायला बेन्नाकडे काही साधन नव्हतं. ती आवाज ऐकायची. मला पिठाला टेकवलं की सूं असा बारीक आवाज यायला हवा. चर्र झालं तर ती मला थोडा वेळ हवेत धरून थांबायची. तिच्याइतकं शांतपणे थांबणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमच्या टेकडीच्या उतारावरच्या सगळ्या घरांत मिळून साचा एकच होता, तो मी. डिसेंबर लागला की पहिला घाणा बेन्नाच्या घरी, मग मी एकेक घर करत उतार उतरायचो. मला न्यायला आलेली बाई लगेच कधीच जायची नाही. मूठ हातात धरून ती उंबऱ्यावरच उभी राहायची. कोणाची मुलगी कोणाला पसंत पडली, कोणाच्या सासऱ्याला दिसेनासं झालं, कोणाच्या घरी यंदा कुस्वार करायचं नाही, हे सगळं मी त्या उंबऱ्यांवर ऐकलं. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल, त्या घरात आमच्याकडे तळण करत नाहीत. तिथे शेजारी ताटं पाठवतात, वर क्रोशाचा रुमाल घालून. मी उताराच्या शेवटच्या घरातून परत येईपर्यंत नाताळ दाराशी आलेला असायचा, आणि सगळ्या घरांतली फुलं एकाच बाजूला कललेली असायची.

बेन्ना आणि सेवरिनला एकच मुलगा, जोस्विन. तो लहानपणी आधी आखूड पाकळी शोधून खायचा. त्याच्या मते तिच्यात साखर जास्त असते. हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही, पण त्याचा अनुभव तसा होता. आता तो बहारीनला जहाजदुरुस्तीच्या गोदीत काम करतो. दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला तिकडे जाणाऱ्या कोणा ना कोणाच्या हाती एक पत्र्याचा डबा त्याच्याकडे जायचा. त्यात मी केलेली फुलं असायची.

यंदा तसं झालं नाही.

सेवरिनने उमेदीची सगळी वर्षं कौलांच्या कारखान्याच्या भट्टीघरात घालवली होती. त्याची फुप्फुसं आधीच थकलेली. पावसाळा सरता सरता खोकला आला तो गेलाच नाही. इस्पितळातून तो घरी आला तो एक यंत्र घेऊन. ते दिवसभर घुं-घुं करतं आणि एका लांब पारदर्शक नळीतून त्याच्या नाकात प्राणवायू सोडतं. डॉक्टरीणबाईंनी बेन्नाला बजावलं, घरात धूर नको, तळण नको, फोडणीसुद्धा नको, आणि त्या यंत्राजवळ आग मुळीच नको. बेन्नाने शेगडी मागच्या पडवीत नेली. तिथे ती उकड्या तांदळाची पेज शिजवते आणि मासळी नुसत्या पाण्यात उकडते. चुलीवरच्या खिळ्याला मी टांगलेला. माझ्याखालची चूल गार.

समुद्राची हवा खारट असते. दरवर्षी ऑक्टोबरात बेन्ना मला उतरवून तेलाचा हात फिरवायची. यंदा नाही फिरवला. माझ्या सळईवर आधी एक तांबूस ठिपका आला, मग तो पसरला. मला राग आला नाही. मी तिला पाहत होतो. ती रात्री किती झोपते ते मला माहीत नाही, पण सकाळी पाण्याचं भांडं भरून घेताना ती नळाखाली हात धरून तशीच उभी राहायची. भांडं भरून वाहू लागलं तरी उभीच.

जोस्विनला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याचं कंत्राट नुकतंच नवं झालेलं, रजा मागितली तर ते टिकेल की नाही याची खात्री नाही. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन येई. तेव्हा बेन्ना स्वयंपाकघरात येऊन बसे, कारण इथे यंत्राचा आवाज कमी येतो. मिठाच्या बरणीला फोन टेकवून ती चेहरा हसरा करी.

"पप्पा कुठायत, मांय?"

"जेवून झोपलेत आताच. उठवू?"

"नको, नको. खोकला कसाय?"

"थंडीचा असतो तेवढाच."

फोन ठेवला की ती आतल्या खोलीच्या दिशेने म्हणायची, "पुढच्या शुक्रवारी सांगू या."

"तू गेल्या शुक्रवारीही... हेच म्हणालीस," आतून सेवरिन म्हणायचा. हल्ली त्याचं प्रत्येक वाक्य श्वासाला मध्ये बसायला जागा देतं.

"एकदा नाताळ जाऊ दे. पोराचा सण कशाला नासवायचा?"

मग डब्याची वेळ आली. शेजारच्या ज्युलिताचा भाचा बहारीनला निघाला होता. डबा गेला नसता तर जोस्विनने विचारलं असतं. बेन्ना बाजारात गेली, बेकरीतून कोकिसांची दोन पाकिटं आणली आणि आपल्या जुन्या डब्यात कागद घालून ती नीट मांडली. बेकरीचा साचा नवा, यंत्रावर घडवलेला. तिने डब्याचं झाकण लावलं आणि एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मग तिने पदराने झाकण पुसलं. ते स्वच्छच होतं.

ज्युलिता तो डबा न्यायला आली, तेव्हा तिने मलाही मागितलं.

"बेन्नाबाय, साचा दे ना. उतारावर सगळ्या वाट बघतायत. यंदा तू पहिला घाणा केलास कधी, वाससुद्धा आला नाही."

बेन्ना दारातच उभी होती, दार अर्धं ओढून. "साचा सापडत नाही गं."

"सापडत नाही? तो काय चालत गेला?"

"बघते. सापडला की देते."

तिथून दहा पावलांवर मी टांगलेला होतो. बेन्नाला मी द्यायचा नव्हता असं नाही. मला द्यायचं तर दार पुरतं उघडावं लागलं असतं, ज्युलिता उंबऱ्यावर उभी राहिली असती, तिने नळी पाहिली असती, आणि मग एकेक विचारलं असतं. शेजाऱ्यांना बेन्नाने इतकंच सांगितलं होतं की खोकला आहे, इस्पितळात तपासायला नेलं होतं. जोवर कोणापाशी आजाराचा उच्चार होत नाही तोवर तो फक्त एक वाईट हंगाम आहे, असं तिला वाटत असावं.

पण तेलाचा वास न येणं ही आमच्या उतारावर बातमी असते. एका संध्याकाळी दार वाजलं. ज्युलिता आणि आणखी तिघी चौघी ताटं घेऊन उभ्या होत्या, प्रत्येकीच्या ताटावर क्रोशाचा रुमाल. बेन्नाला दार ओढून घ्यायला वेळच मिळाला नाही. त्या सरळ आत आल्या. आतल्या खोलीतून सेवरिन भिंत धरून बाहेर आला, मागे नळी ओढत. त्याने रुमाल घातलेली ताटं पाहिली. मग बायकोकडे पाहिलं.

"बेन्ना," तो म्हणाला, "मी गेलो कधी? मला... सांगितलं नाहीस."

ज्युलिताच्या हातातलं ताट कलंडलं.

"देवा रे! तसं नाही हो बाप्पू! तुमच्या घरात तळण दिसलं नाही, म्हणून म्हटलं..."

"म्हणून म्हटलं... म्हातारा आटपला असेल. आटपला तर आटपला. पण नेवऱ्या तरी... मऊ आणायच्या. मेलेल्याला चावावं लागत नाही, मला... लागतं."

पहिली हसली ती बेन्ना. तोंडावर हात दाबून ती हसत राहिली, आणि हसता हसता तिचे खांदे वेगळ्याच तऱ्हेने हलू लागले. बायकांनी ताटं जिथे जागा मिळेल तिथे ठेवली. सगळ्या ताटांच्या मध्ये एक गोल मोकळी जागा होती. माझी फुलं तिथे असायची. सवयीने त्यांनी ती सोडली होती.

बाकीच्या गेल्यावर ज्युलिता मागे राहिली. पाण्यासाठी स्वयंपाकघरात आली आणि तिने मला पाहिलं. तिने मला उतरवलं, बाटलीतलं थोडं खोबरेल फडक्यावर घेतलं आणि सळईवरचा गंज पुसत बसली. बेन्ना दारात येऊन उभी राहिली.

"मी नेते याला," ज्युलिता म्हणाली. "माझ्या घरी तळते, तुझ्या वाटणीचंही. आणि उद्यापासून दुपारची पेज मी आणीन, तू दोन तास पड जरा."

"नको, ज्युलिता."

"का नको?"

"नको म्हणजे नको. जमतंय मला."

"तुला नको म्हणायची इतकी सवय झालीय, बेन्नाबाय, की स्वर्गाच्या दारात सेंट पीटर या म्हणाला तरी नको म्हणशील."

"स्वर्गात तरी कोण विचारतंय मला."

"जोस्विनला ठाऊक आहे?"

बेन्नाने खोबरेलच्या बाटलीचं बूच लावलं. ज्युलिताने मला पुसून परत खिळ्याला लावलं, फडकं घडी घालून चुलीवर ठेवलं आणि ती गेली. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर तेल होतं.

मित्रांनो, मी काही मोठा उपदेश करणारा नाही. आमच्यासारख्या वस्तूंना जपा, एवढं मात्र सांगतो. काम झालं की साबणाने घासू नका, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी टांगा. गंज एका दिवसात चढत नाही, आणि एका दिवसात उतरतही नाही. माणसांबद्दल मला फार कळत नाही. पण घरात आजारपण असताना शांत राहा असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मला माझं काम आठवतं. शांत राहणं म्हणजे गार पडणं नव्हे. बेन्ना ते महिने शांत होती. तिचा आवाज एकदाही चढला नाही. पण तिला काही धरत नव्हतं. ज्युलिताचा शब्द, सेवरिनची थट्टा, मुलाची चौकशी, सगळं तिच्यावरून घसरून परत जात होतं. तिला कोणी दोष देऊ नये. ती फार दमली होती.

नाताळच्या आधीचा शुक्रवार आला. जेवणं झाली होती. बेन्नाने मिठाच्या बरणीला फोन टेकवला. पडद्यावर जोस्विन दिसला. त्याच्यामागे खोलीची भिंत होती आणि भिंतीवर कागदाचं एक नक्षत्र, नाताळची चांदणी, त्याने वाकडंतिकडं चिकटवलं होतं.

"डबा मिळाला, मांय."

"मिळाला ना? मोडली नाहीत ना फुलं?"

"नाही. सगळी चांगली होती." त्याने रिकामा डबा दाखवला. "संपली सगळी."

"एवढ्यात? वाटलीस की नाही कोणाला?"

"नाही. मी एकट्यानेच खाल्ली. एकेक उचलत गेलो आणि आखूड पाकळी शोधत गेलो. अख्खा डबा संपला, मांय. एक शिल्लक ठेवलंय, बघ."

त्याने ते फूल पडद्याजवळ आणलं. मी खिळ्यावरून पाहिलं. आठ पाकळ्या, अगदी सारख्या. सुंदर होतं ते फूल. ते कुठल्याच बाजूला कलत नव्हतं.

"कोणाकडची आहेत ही?" जोस्विनने विचारलं.

बेन्नाने तोंड उघडलं. मला वाटलं ती म्हणेल, साचा सापडत नव्हता. ते उत्तर तिच्याकडे तयार होतं, एकदा वापरलेलंही होतं. पण घरात फक्त यंत्राचा आवाज होता.

"मांय, ती घुं-घुं कसली येतेय? गेल्या शुक्रवारीही येत होती. मला वाटलं पंखा असेल. पण डिसेंबरात तू पंखा लावत नाहीस."

सेवरिन दाराशी येऊन उभा होता. नळी तिथपर्यंत पुरते, त्यापुढे नाही. फोनच्या पडद्यात तो दिसत नव्हता. त्याने बायकोला हाताने खूण केली.

"सांग त्याला," तो हळू म्हणाला. "मी सांगितलं असतं. पण माझं वाक्य... त्याच्या तिकिटापेक्षा महाग पडतंय."

"कोण बोललं? पप्पा आहेत ना तिथे? मांय?"

बेन्नाने नवऱ्याकडे पाहिलं. मग वर, माझ्याकडे. तिने हसरा केलेला चेहरा हळूहळू खाली ठेवला, जसं भरलेलं भांडं ठेवतात. खालचा चेहरा थकलेला होता आणि ओळखीचा होता. तिने फोन बरणीपासून उचलला, दोन्ही हातांत धरला आणि दाराकडे वळवला, म्हणजे मुलाला बाप दिसेल, आणि नळीही.

तिने घाई केली नाही. हवेत साचा धरून थांबायची तशी ती थांबली. मग फोन पुन्हा आपल्याकडे वळवला.

"पुता," ती म्हणाली, "तू ये. मला एकटीला होत नाही."